पाटीवरचा सात नंबर

पाटीवर बारा डोकी आहेत, बाराही जणांचं तोंड एकच.
जोजो अर्कूला दुसरं तोंड काढताच येत नसे,
त्यानं आपल्या भावालाच बारा वेळा रंगवलं
आणि दर वेळी केस तेवढे बदलले.
ताकोराडी बंदराच्या खाऱ्या वाऱ्यानं
चार नंबरचा कान खाल्लाय, नऊ नंबर हिरवट पडलाय.
सात नंबर मात्र कालच खुर्चीवरून उठल्यासारखा.

म्हणून जो येतो तो सातच मागतो.
एबोही. बसायच्या आधीच, बोट दाखवून.
मी म्हटलं, आधी टेक. डोकं दे.

मी डोळे मिटून डोकं चाचपतो,
कलिंगड घेणाऱ्या बाईसारखा, फक्त टिचकी मारत नाही.
डाव्या कानामागे जुनं टेंगूळ,
मागच्या बाजूला अंगठा मावेल एवढा खळगा,
टाळूवर दोन भोवरे, एकमेकांकडे पाठ केलेले.
पाटीवरच्या माणसाला यातलं काहीच नाही,
त्याचं डोकं प्लायवूडचं, सपाट.

हे बघ, तुझं तोंड लांबट.
सात नंबर म्हणजे हाय फेड, तो केलास तर दीपस्तंभ दिसशील,
जहाजं चुकतील वाट.
गोल तोंडाला उंची द्यावी, लांबट तोंडाच्या बाजू राखाव्या,
आणि कान मोठे असले तर
त्यांना शेजार ठेवावा थोडा.
तुझ्या कानांना शेजार हवा.

तो हसला नाही.

लो फेड घे. कानापाशी सुरू करतो, मानेकडे उतरवतो,
खळग्याच्या खालून, म्हणजे खळगा झाकला जाईल.
ओहोटी काठ सोडते ना, तसं.
सोडला कधी ते कळत नाही.
शून्य कुठे संपलं, एक कुठे लागला
हे बोटाला कळलं तर चालेल, डोळ्याला कळता कामा नये.
रेघ दिसली तर मी पैसे घेत नाही.

"सोमवारी बंदरात मुलाखत आहे. क्रेनवर."
बरं.
"तीन महिन्यांनी कापतोय."
तेही मला ठाऊक होतं. सगळे केस एकाच वयाचे,
म्हणजे एकाच दिवशी भादरलेले.
असं डोकं का भादरतात ते इथे कुणी विचारत नाही.

डावी बाजू झाली, उजवी अजून रान,
आणि लाईट गेली.
मशीन हातात माशीसारखं घरघरून मेलं.
दुमसोर म्हणतो आम्ही याला, गेली-आली.
आली कधी ते कोण सांगणार?
कंटेनरचं दुकान, पत्र्याचं छत, पंखा बंद.
अर्धा माणूस माझ्या खुर्चीत घाम पुसत बसला.

बराच वेळ गेल्यावर तो पाटीकडे बघून म्हणाला,
"जोजो माझा काका. आबिजानला असतो."
मग गप्प.
मला हिशेब लागायला वेळ लागला.
भाऊ. बारा वेळा.
पंधरा वर्षं हे तोंड माझ्या डोक्यावर टांगलेलं
आणि हा माणूस कोण, असं मी एकदाही विचारलं नव्हतं.

बोट केसांवर नव्हतंच त्याचं.

मी कपाटातून उस्तादाचं हातमशीन काढलं,
दोन थेंब तेल सोडलं. एबोला म्हटलं, मोबाइलचा टॉर्च धर,
हलू नकोस. हात कापतोय तुझा, दुसऱ्या हातानं धर.
सात नंबर केला नाही. त्याला शोभला नसता.
वडिलांना शोभला असेल, किंवा काकानं शोभवला असेल,
मला काय माहीत?
लो फेडच केला, खळग्याखालून, कानाला शेजार ठेवून.
कंगव्यावर एकेक केस तोलत, दीड तास.

आरशात त्यानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं,
मग पाटीकडे, मग परत आरशात.
"रेघ नाही ना?"
टॉर्चच्या उजेडाचं काय सांगू, म्हटलं. उन्हात बघू.

तो बाहेर गेला. रस्ता पांढरा झाला होता उन्हानं.
मानेवर हात फिरवत चालत होता,
खालून वर, परत खालून वर,
रेघ शोधत.